शुद्धी कुणी कुणाची करायची?

लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली एक पडीक जागा. जळकी घरं, त्यांच्यावर माजलेलं गवत. तिथे एक काळी बाई येते. समोर काही वस्तू मांडते, देवापुढे मांडाव्यात तशा सावकाश. शेवटाकडे तिच्या अंगावर एकही कपडा उरत नाही, आणि ती त्या पडक्या भिंतींच्या आत बसून लघवी करते.

सगळी मिळून सहा-सात मिनिटांची ही कृष्णधवल फिल्म. बार्बरा मॅक्युलो या दिग्दर्शिकेने १९७९ मध्ये केलेली 'वॉटर रिच्युअल #१: अ‍ॅन अर्बन राइट ऑफ प्युरिफिकेशन'. म्हणजे पाण्याचा विधी, एक शहरी शुद्धीकरण.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा भिंगारच्या घरी वरच्या खोलीत होते. दोन मीटिंगांच्या मधला वेळ होता. जिन्यावर आईची चाहूल लागली आणि मी फोन पालथा घातला. आई गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिली. कळली नाही. पण डोक्यातून जाईनाही.

आधी थोडा संदर्भ. १९६५ मध्ये वॉट्समध्ये काळ्या वस्तीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतरच्या वर्षांत यूसीएलए विद्यापीठाच्या सिनेमा विभागात काळ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम प्रवेश दिले गेले. त्यातून चार्ल्स बर्नेट, हैले गेरिमा, ज्युली डॅश, बार्बरा मॅक्युलो, झैनाबू आयरीन डेव्हिस असे दिग्दर्शक घडले. १९८६ मध्ये क्लाइड टेलर या समीक्षकाने या सगळ्याला 'एल. ए. रिबेलियन' असं नाव दिलं. ब्लॅक पँथर त्याच कॅलिफोर्नियात १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हा धागा आपल्याला माहीत असतो. बायकांच्या या छोट्या फिल्म मात्र त्या धाग्यावरून आपल्यापर्यंत फारशा आल्या नाहीत.

मॅक्युलोने निवडलेली जागाही साधी नाही. आय-१०५ नावाच्या महामार्गासाठी तिथली वस्ती उठवली होती. मग रस्त्याचं काम रखडलं. घरं गेली आणि रस्ताही आला नाही. तो महामार्ग खुला झाला थेट १९९३ मध्ये. मधल्या काळात त्या ओसाड जमिनीवर एक बाई जाते आणि जागा आपल्या अंगातल्या पाण्याने शुद्ध करते. एवढीच फिल्म.

मला हे उलगडायला दुसरी फिल्म कामी आली. झैनाबू आयरीन डेव्हिसची 'सायकल्स', १९८९ ची, साधारण सतरा मिनिटांची. रशीदा नावाची तरुण बाई पाळीची वाट बघतेय. वाट बघताना घर घासते, पुसते, आंघोळ करते. मधेच फिल्म एकेक चित्र जोडल्यासारखी तुटक हलू लागते, बायकांचे आवाज एकमेकींत मिसळतात. शेवटी पाळी येते, आणि तो सुटकेचा, जवळजवळ सणाचा क्षण होतो.

ही फिल्म मला लगेच कळली. आजी होती तोवर आमच्याकडे 'कावळा शिवला' असंच म्हणायचे. चार दिवस मी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात चटईवर. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही. रशीदा मात्र त्याच दिवसांच्या स्वागतासाठी घर स्वच्छ करत होती. मी ती फिल्म मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'ही आपलीच गोष्ट आहे.' बदाम आले, टाळ्या आल्या.

त्याच उत्साहात मी 'वॉटर रिच्युअल' तिसऱ्यांदा लावली. वाटलं, हीसुद्धा आपलीच निघेल. बाई आहे, अंग आहे, शुद्ध-अशुद्ध आहे. मला तर अनुभवच आहे.

ती आपली निघाली नाही. आठवण आली ती भलतीच.

आमच्या मागच्या पडवीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप. संडास साफ करायला ज्या यायच्या त्यांचा. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो आणि चहा त्या कपात, वरून ओतायचो. त्या कप विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायच्या. माझे चार दिवस पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की संपायचे. कप बाराही महिने तिथेच असायचा. कोपऱ्यातल्या चटईवर बसून मी स्वतःची कीव करत असे, तेव्हाही तो तिथेच होता. त्याच्याविषयी मी एकदाही विचारलं नाही.

म्हणून आता मला या दोन फिल्ममधला फरक महत्त्वाचा वाटतो. 'सायकल्स' सुंदर आहे, प्रेमळ आहे, पण ती बघणाऱ्याला पटकन आत घेते. माझ्यासारखीला जरा जास्तच पटकन. रशीदाचं काळं असणं बाजूला ठेवून 'सगळ्या बायकांचं सारखंच' म्हणायला मी मोकळी झाले. याचा दोष डेव्हिसला कसा द्यायचा? पण फिल्मचा गोडवा मला अडवत नाही, हेही खरं. मॅक्युलो अडवते. तिच्या फिल्ममध्ये घर नाही, नळ नाही, आरसा नाही. वस्ती उठवलेली जागा आहे आणि तिथे बसलेली बाई आहे. ती माझ्याकडे सहानुभूती मागत नाही. मी कुठे उभी आहे, हे मात्र मला बघावं लागतं.

मराठी माणसाने ही फिल्म बघताना महाडला टाळून चालणार नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी त्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने तळं विटाळलं आणि गायीच्या मुताने ते पवित्र झालं. हे डोक्यात ठेवून मॅक्युलोची शेवटची मिनिटं पाहा. जिला घाण ठरवलं तीच इथे शुद्धी करणारी आहे, साधनही तिच्याच अंगातलं आहे. आणि अशुद्ध काय, तर माणसं हुसकून सोडून दिलेली ती जमीन. पहिल्यांदा मला जे किळसवाणं वाटलं, ते का वाटलं याचं उत्तर लॉस एंजेलिसमध्ये नाही, आमच्या पडवीत आहे.

अशा फिल्मना 'प्रायोगिक' म्हटलं की आपण बिचकतो. मीही बिचकले. माझं रोजचं काम असं की इनपुट काय, आउटपुट काय, हे आधी लागतं. पण हीच फिल्म गोष्टीच्या रूपात सांगून पाहा. बाईला नाव द्यावं लागेल, नवरा द्यावा लागेल, घर कसं गेलं ते दाखवावं लागेल. मग आपण डोळे पुसू, 'किती वाईट ना' म्हणू आणि पुढचा व्हिडिओ लावू. विधीला गोष्टीसारखा शेवट नसतो. तो तुमच्यासमोर घडतो, तुम्ही तिथे हजर असता, बस. कणव दाखवून सुटायची सोयच मॅक्युलोने ठेवलेली नाही. म्हणून ही मोडतोड मला हौस वाटत नाही, गरज वाटते.

मग आपल्याकडे? आपल्याकडे शब्द आहेत, आणि जबरदस्त आहेत. फलटणच्या बेबी कांबळे घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या, त्याचं 'जिणं आमुचं' झालं. शांताबाई कांबळेंचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये आलं, ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ मध्ये. शांताबाईंच्या शीर्षकात तर चित्रच आहे. पण या पुस्तकांची जशी रांग लागते, तशी दलित बायकांनी स्वतः केलेल्या मराठी प्रायोगिक लघुपटांची लागत नाही. चित्तरकथा आहे, चित्तर बाकी आहे.

खर्चाचं कारण मला पटत नाही. यूसीएलएमध्ये पहिल्याच वर्षी प्रत्येकाला स्वतःची छोटी फिल्म करावी लागायची, तिला 'प्रोजेक्ट वन' म्हणत. आणि आमच्या घरापासून काही किलोमीटरवर, नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळेंनी २००९ मध्ये 'पिस्तुल्या' केली. तीही अभ्यासक्रमाचाच भाग होती. शाळेत जावंसं वाटणाऱ्या एका पारधी मुलाची ती फिल्म, आणि तिला दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे नगरमध्ये, कॉलेजच्या प्रोजेक्टमधून, हे होऊ शकतं. आता तर कॅमेरा प्रत्येकीच्या हातात आहे. नसतो तो वेळ, स्वतःची खोली, आणि 'तू कर' म्हणणारं कुणीतरी. वॉट्सनंतर एका विद्यापीठाने दार उघडलं होतं. आपल्याकडची कोणती दारं बंद आहेत, हे बघायला लांब जावं लागत नाही.

हा लेख लिहिताना मी एकदा खाली गेले. कोनाडा अजून आहे, कप नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "फुटला असेल. तुला काय करायचंय त्याचं?" मी फोन काढला, रिकाम्या कोनाड्यावर धरला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. फ्रेम छान दिसत होती, दुपारचं ऊनही बरोबर पडलं होतं.

मग लक्षात आलं, मावशींचं आडनाव मला माहीत नाही. फोन खिशात ठेवला आणि आईला विचारलं, त्या राहायच्या कुठे?

आई बराच वेळ आठवत बसली.