पिंगुळीची कड आणि लेझरचा दाणा

पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघताना कथा थोडा वेळ बाजूला ठेवावी; रामायण आपल्याला पाठच आहे. बघावी ती सावलीची कड. कुडाळजवळच्या या गावात ठाकर मंडळींनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. इथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती अशाच कलांसाठी. बाहुली पडद्याला टेकलेली असते तोवर मुकुटावरचे भोक न्‌ भोक वेगळे उजळते. ती जरा मागे घेतली, की कड विरघळू लागते. ज्योत दोन सेंटिमीटर रुंद, बाहुलीपासून मीटरभर लांब, आणि बाहुली पडद्यापासून पाच सेंटिमीटरवर असली, तर कड साधारण एक मिलिमीटर पसरते. तीच बाहुली ज्योत आणि पडदा यांच्या मधोमध आणली, तर आकृती दुप्पट होते आणि कड दोन सेंटिमीटर पसरते. मनगट एकदाच हलते, पण त्यात आकार आणि रेखीवपणा दोन्ही बदलतात. हा हात बघण्यासारखा!

रंगाचीही तीच नजाकत. चामडे पातळ, अर्धपारदर्शक असते, म्हणून सावली काळी न पडता रंगीत पडते. उजेड कातडीत विखुरतो, म्हणून तांबडा भडक न होता आतून तापलेला वाटतो. आणि त्या तांबड्यात कुठेही दाणे दिसत नाहीत.

हे दाणे नसणे किती मोलाचे, ते लेझरच्या चित्राशेजारी कळते. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या होलोलेन्स 2 या मिश्र वास्तवाच्या चष्म्यात तीन रंगांचे लेझर असतात आणि इवले आरसे त्यांचा झोत हलवत ओळीमागून ओळ चित्र रेखतात. लेझरच्या लहरी मात्र एका तालात चालतात. खरखरीत पृष्ठावरून परतल्या की कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसतात, आणि सपाट रंगावर चमचमती रवाळ खर उठते. तिला स्पेकल म्हणतात. चष्म्याच्या पातळ काचेतून उड्या मारत येणाऱ्या झोताच्या प्रती एकमेकींत मिसळल्या, तर पट्टेही उमटतात.

उपाय गमतीचा आहे: ताल मुद्दाम बिघडवायचा. लेझरचा प्रवाह भराभर कमी-जास्त करून त्याच्या रंगाची लहर किंचित पसरवायची, किंवा वाटेत थरथरणारा विखुरक ठेवायचा, म्हणजे वेगवेगळ्या खरींची डोळा सरासरी काढतो. पण ही सरासरी महाग पडते. चार स्वतंत्र खरी मिसळल्या तर दाणा निम्मा होतो. तो दहाव्या हिश्शावर आणायचा तर शंभर लागतात. विखुरक वाढवला की झोत जाडावतो, आणि जाड झोताची रेघ बारीक राहत नाही. अभियंत्याची खरी कसोटी इथे आहे: दाणा मरेल इतका गोंधळ हवा, कड टिकेल इतकी शिस्त हवी. ज्योतीच्या उजेडात गोंधळ जन्मजातच असतो, म्हणून पिंगुळीत फक्त कडेचा प्रश्न उरतो, आणि तो हाताने सुटतो.

ज्योतीऐवजी विजेचा दिवा लावायचा झाला, तर एलईडीची पट्टी मात्र नको. प्रत्येक ठिपका आपली वेगळी सावली पाडतो, आणि हनुमानाच्या शेपटीला चार-पाच कडा फुटतात. दुधी काचेचा बल्बही टाळावा. तो सगळाच उजळतो आणि ज्योतीपेक्षा रुंद पडतो. साध्या काचेचा, आखूड तारेचा एकच बल्ब पुरे.