भाताला जाळ लागला पाहिजे

‘गाडीवरच्यापेक्षा भारी फ्राइड राइस, तेही घरच्या घरी, फक्त दहा मिनिटांत!’ अशा नावाचे व्हिडिओ मी गेल्या दोन वर्षांत इतके पाहिलेत, की आता आवाज बंद ठेवूनही पुढचं वाक्य सांगू शकते. आधी सगळ्या भाज्या काचेच्या वाट्यांत ओळीने मांडलेल्या दिसतात. मग ‘नमस्कार मंडळी’. आणि लगेच ते वाक्य: ‘बाहेर कसलं तेल वापरतात, कसले हात असतात, आपल्याला माहीत नसतं ना!’ त्यानंतर ‘आपण अजिनोमोटो अजिबात वापरणार नाही आहोत’. शेवटी चमचाभर भात कॅमेऱ्याजवळ येतो, दाणा न् दाणा मोकळा, आणि एक लांबलचक ‘अप्रतिम!’

मी तो भात आठ-दहा वेळा केला. प्रत्येक वेळी त्याची सोया सॉस घातलेली खिचडी झाली.

हा लेख त्या खिचडीबद्दल आहे, आणि थोडा ‘कसले हात असतात’ या वाक्याबद्दल. कारण त्यातले दोन हात माझ्या मामाचे आहेत. मामाने डोंबिवलीत अकरा वर्षं चायनीजची गाडी लावली. शाळेच्या सुट्टीत मी दुपारी त्याच्याकडे कोबी चिरायला बसायचे. संध्याकाळी सहाला भट्टी पेटली, की तिच्या घरघराटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. ऑर्डर ओरडूनच द्यावी लागे. तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा गेला आणि गाडी विकली. तेव्हा मी तटस्थ समीक्षक नाही, हे आधीच सांगून टाकते.

तरी पाककृती हा एक लेखनप्रकार आहे असं मी मानते, आणि लेखन म्हणून तो तपासता येतो. काय सांगितलंय, काय गाळलंय, कुणाला उद्देशून म्हटलंय. ‘बाहेरच्यासारखं घरी’ हा त्यातला एक उपप्रकार. त्याचं वचन मोठं गमतीचं असतं. बाहेरचं वाईट आहे म्हणायचं, आणि ते जसंच्या तसं घरी करून दाखवतो असंही म्हणायचं. चव त्याची हवी, तो नको.

अजिनोमोटोचं उदाहरण घ्या. ते मुळात एका जपानी कंपनीचं नाव. आपल्याकडे डालडा आणि झेरॉक्ससारखं तेच पदार्थाचं नाव झालं. १९०८ साली तोक्योमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या कढणातून त्या चवीचं मूळ, ग्लुटामेट, वेगळं काढलं. साठ वर्षं कुणाची फारशी तक्रार नव्हती. मग १९६८मध्ये एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा येतो. कारण सोया सॉस असेल, वाइन असेल, मीठ असेल, नाहीतर ही पांढरी पूड असेल. नियतकालिकाने वर मथळा दिला तो थेट ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’. पुढच्या काटेकोर चाचण्यांत हा परिणाम सातत्याने सापडला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्लुटामेट टोमॅटोत भरपूर असतं. आमच्या व्हिडिओतल्या ताई अजिनोमोटोला नाक मुरडून पुढच्याच मिनिटाला अर्धी वाटी टोमॅटो केचप ओततात, तेव्हा मला हसू येतं. ज्याला घालायचं नाही त्याने खुशाल घालू नये. पण ‘आम्ही वापरत नाही’मध्ये ‘ते लोक वापरतात’ दडलेलं असतं, आणि ‘ते लोक’ कोण, हे न सांगता कळतं.

बरं, हा उपप्रकार फक्त मराठीत आहे असंही नाही. अमेरिकेत ‘टेकआउटपेक्षा सरस’ असं कपाळावर लिहिलेल्या पाककृतींचा डोंगर आहे. तिथे ऑरेंज चिकन, इथे ट्रिपल शेजवान, एवढाच फरक. दोन्हीकडे पदार्थांचा इतिहास एकाच धाटणीचा आहे. परक्या गावात पोट भरायला आलेल्यांनी गावकऱ्यांच्या जिभेचा अंदाज घेत शिजवलेलं अन्न. अमेरिकेने १८८२मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३पर्यंत. मधे १९१५मध्ये न्यायालयाच्या एका निर्णयामुळे हॉटेलमालकाला व्यापारी म्हणून येण्याजाण्याची सवलत मिळाली, आणि चिनी हॉटेलं भराभर वाढली. म्हणजे एवढी हॉटेलं निघण्यामागे नुसती पाककलेची हौस नव्हती, व्हिसाही होता. आपल्याकडे कोलकात्याच्या चिनी वस्तीत वाढलेले नेल्सन वांग मुंबईला आले आणि १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेऊन, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन मंचुरियन केलं. मंचुरियात ते कुणाला ठाऊक नाही. ‘हे काही खरं चायनीज नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की मग वडापावातला पाव तरी कुठला?

तर खिचडीकडे. माझं काय चुकत होतं, ते मला व्हिडिओंनी नाही, एका जाडजूड पुस्तकाने सांगितलं. जे. केंजी लोपेझ-आल्ट यांचं ‘द वॉक’ (२०२२). सहाशेहून जास्त पानं, आणि सगळं एका कढईभोवती. हा लेखक कुठलीही समजूत तपासल्याशिवाय पुढे जात नाही. फ्राइड राइसला शिळाच भात हवा, हे आपण वेदवाक्य मानतो. त्याने वेगवेगळे भात करून पाहिले आणि दाखवलं, की मुद्दा शिळेपणाचा नाही, दाण्याचा पृष्ठभाग कोरडा असण्याचा आहे. ताजा भात ताटात पसरून तासभर पंख्याखाली ठेवला तरी चालतो. मी केलं. चाललं. दुसरं, घरच्या शेगडीची आच भट्टीपुढे काहीच नाही. त्यामुळे चौघांचा भात एकदम कढईत टाकला, की कढई गार होते, पाणी सुटतं आणि सगळं वाफेवर शिजतं. थोडं थोडं करा. व्हिडिओत हे कुणीच म्हणत नाही, कारण थोडं थोडं करायचं तर दहा मिनिटांचं वचन मोडतं. मधला चिकट भाग संपादनात कापता येतो, स्वयंपाकघरात येत नाही.

मग लेखक त्या प्रसिद्ध धुरकट चवीकडे वळतो. कॅन्टनी भाषेत तिला ‘वॉक हेइ’ म्हणतात. कढई तिरकी होते, तेलाचे बारीक थेंब उडून पेट घेतात, आणि ती जळकी-गोड चव भाताला लागते. घरी? लेखकाचा उपाय असा, की परतलेल्या भाज्यांवरून गॅसची टॉर्च फिरवायची, साखर करपवायला वापरतात तसली. उपाय लागू पडतो म्हणतात. मी टॉर्च घेतलेली नाही. पण ते पान वाचताना मला प्रथमच या पुस्तकाचा कंटाळा आला. इतकं अचूक, इतकं प्रामाणिक, आणि तरी त्या भट्टीपुढे उभा असलेला माणूस त्यात मला फारसा दिसला नाही. तिथे आहे तापमान, अंतर, सेकंद. माणसाच्या जागी टॉर्च बसते, आणि हिशेब जुळतो.

माणूस मला सापडला एका फार जुन्या पुस्तकात, आणि तोही भांडताना. बुवेइ यांग चाओ या बाई पेशाने डॉक्टर, शिक्षण जपानमध्ये. नवरा युएन रेन चाओ, मोठा भाषाशास्त्रज्ञ. १९४५मध्ये, म्हणजे तो बंदीचा कायदा उठून दोनच वर्षं झाली असताना, अमेरिकेत त्यांचं ‘हाउ टु कुक अँड ईट इन चायनीज’ आलं. बाईंनी चिनीत सांगायचं, मुलीने इंग्रजी करायचं, आणि नवऱ्याला ते इंग्रजी फारच सपक वाटलं की त्याने ते चावट करायचं. प्रस्तावनेतच बाई या सगळ्या घरगुती मारामारीची कबुली देतात आणि पुस्तकाची लाज वाटते म्हणतात. नवऱ्याला येणारी एकमेव गोष्ट म्हणजे ढवळलेली अंडी, तर ती कृती त्याच्या शब्दांत छापलीय. अंडी सहाच का, तर त्याने एका वेळी त्याहून जास्त कधी केलेली नाहीत. अंडं अंड्यावर आपटून फोडायचं, पण दर वेळी दोघांतलं एकच फुटतं, म्हणून सहावं फोडायला सातवं लागणार. आणि सातवंच आधी फुटलं तर? त्याचाही विचार त्याने केलाय. ‘चवीपुरतं मीठ’ लिहून मोकळ्या होणाऱ्या सगळ्या पाककृतींची एवढी प्रेमळ टर मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण या पुस्तकाचं खरं काम भाषेतलं आहे. चिनीतल्या ‘छाओ’ या क्रियेला इंग्रजीत शब्द नव्हता. मोठा जाळ, जरासं तेल, बारीक चिरलेला जिन्नस आणि सतत हलता हात, हे सगळं त्या एका शब्दात येतं. चाओ कुटुंबाने त्यासाठी ‘स्टर-फ्राय’ हा शब्द घडवला. आज तो इतका रुळलाय, की तो कुणीतरी जेवणाच्या टेबलावर भांडून केलाय हे लक्षातही येत नाही.

मराठीत काय आहे? ‘परतणे’ आहे. छान शब्द आहे, पण आपलं परतणं मध्यम आचेवरचं, कांदा गुलाबी होईपर्यंतचं. ‘खमंग’ आहे, पण खमंगपणा मंद आचेचा, रव्याचा, शेंगदाण्याचा. म्हणून व्हिडिओत ताई म्हणतात, ‘हाय फ्लेमवर टॉस करून घ्या’, आणि ते म्हणताना हातातला झारा सावकाश फिरवत असतात. शब्द उसना, क्रिया जुनीच. मामाकडे मात्र शब्द होता. भात हवेत उडून भट्टीची ज्वाळा कढईच्या काठावरून आत आली, की तो म्हणायचा, ‘लागला जाळ’. ज्या भाताला जाळ लागला नाही, तो त्याने गिऱ्हाइकापुढे ठेवला नाही असं मी म्हणणार नाही, शनिवारी रात्री गर्दीत सगळं चालायचं. पण तो भात त्याला स्वतःला चालायचा नाही.

ग्रेस यंग यांनी ‘वॉक हेइ’चा अर्थ ‘कढईचा श्वास’ असा केला आणि २००४मध्ये ‘द ब्रेथ ऑफ अ वॉक’ लिहिलं. फोटो अ‍ॅलन रिचर्डसन यांचे. शांघायमध्ये हाताने ठोकून कढया घडवणाऱ्या भावांपर्यंत त्या जाऊन पोचतात. पुस्तक देखणं आहे, पण कढईला जरा जास्तच नमस्कार घालतं. श्वास म्हटलं, की हवा शुद्ध वाटते. मामाच्या गाडीमागे ती शुद्ध नव्हती. तिथे मिरचीच्या ठसक्याने डोळे चुरचुरायचे. तरीही यंगबाईंबद्दल माझं मत बदललं ते पुस्तकाबाहेरच्या त्यांच्या कामामुळे. २०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीने न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली गिऱ्हाइकं नाहीशी झाली, तेव्हा त्यांनी तिथल्या हॉटेलवाल्यांच्या मुलाखती चित्रित केल्या, आणि या हॉटेलांतून अन्न मागवा म्हणून लोकांच्या मागे लागल्या. घरी चायनीज कसं करायचं हे आयुष्यभर शिकवलेली बाई म्हणत होती, त्यांच्याकडून विकत घ्या.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांचा एक निबंध आला. विषय, फ्राइड राइस उडवण्याचं भौतिकशास्त्र. त्यांनी पाच आचाऱ्यांचं चित्रीकरण करून मोजलं, तर एका उडवणीला साधारण सेकंदाचा एक तृतीयांश लागतो. म्हणजे सेकंदाला तीन झटके, जड कढईसकट. आणि निबंधात हेही आहे, की चिनी हॉटेलांतल्या आचाऱ्यांमध्ये खांदेदुखीचं प्रमाण फार मोठं आहे. मामाला तो मी मराठीत सांगितला. त्याने विचारलं, ‘मोजायला कशाला गेले? मला विचारायचं.’

मागच्या रविवारी तो आमच्याकडे आला होता. मी हौसेने कढई तापवली, पंख्याखाली सुकवलेला भात काढला, मोबाइल भिंतीला टेकवून ताईंचा व्हिडिओ लावला. ‘कसले हात असतात’ हे वाक्य आलं. मी घाईने पुढे सरकवायला गेले, तर म्हणाला, ‘राहू दे गं. माझे हात तसे असायचेच. पाणी कुठं होतं गाडीवर? दोन बादल्यांत रात्र काढायचो.’ मग भाताकडे बघून म्हणाला, ‘एवढा एकदम नको. एका प्लेटचा घे.’

मी एका प्लेटचा घेतला. त्याने डाव्या हाताने कढई धरून पाहिली, ती काही उचलली नाही. झाऱ्यानेच केलं. कोबी आधी, मग भात, सोया सॉस भातावर नाही, कढईच्या कडेने. कडेला तो चर्र झाला आणि क्षणभर डोंबिवलीचा वास आला.

‘जाळ नाही लागला,’ मी म्हणाले.

‘या गॅसवर लागतच नाही,’ तो म्हणाला. ‘खा, गार होईल. मी दुसरी प्लेट टाकतो.’