चुलीवरचं, पण कुणाच्या?

चिखलोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री जेवताना कुणाच्या ना कुणाच्या फोनवर एखादी आजी शेतात चूल पेटवत असते. तेल सढळ, खोबरं भरपूर, शेवटी सगळं घर एका पंगतीत. बघायला मलाही आवडतं. पण शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) वाचल्यापासून त्या पंगतीत कोण नाही, हेच आधी दिसतं.

मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं पाटोळे आठवणी आणि पाककृती एकत्र करून लिहितात. तूप-दूध तिथे जवळपास नाहीच. मांस वाळवून चान्या करायच्या, कारण पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं, इथे माप म्हणजे घरात जे असेल ते.

पुस्तक सात्त्विक-तामसच्या वाटणीशी भांडायला लागतं तेव्हा चूल जरा मंदावते. तरी ते भांडण टाळून हे लिहिता आलं असतं, असं मला वाटत नाही.

परवा आईला विचारलं, ‘‘आजी चान्या करायची का गं?’’

ती म्हणाली, ‘‘हळू बोल, खिडकी उघडी आहे.’’