'यंदा आपणच' : हंगामपूर्व भाकिताची मीमांसा

१

वाङ्मयप्रकारांची आपल्याकडील चर्चा बहुधा लिखित संहितेपासून सुरू होते. म्हण, उखाणा, ओवी, कहाणी यांना लोकवाङ्मयाच्या सदरात जागा मिळाली. परंतु तीही त्यांचे संकलन होऊन त्या छापील पानावर आल्यानंतर. दैनंदिन बोलण्यात ठरावीक काळी, ठरावीक जागी आणि ठरावीक घाटाने अवतरणारी जी विधाने कोणी टिपून ठेवीत नाही, त्यांच्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. मिखाईल बाख्तीन यांनी बोलण्याच्या अशा स्थिरावलेल्या रूपांना उक्तिप्रकार मानले आणि कादंबरीसारखे संमिश्र प्रकार या साध्या प्रकारांना पोटात घेऊनच उभे राहतात, असे प्रतिपादन केले. हे मान्य केले, तर साध्या उक्तिप्रकारांची मीमांसा समीक्षेच्या कक्षेबाहेरची ठरत नाही.

खेळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी चाहते आपल्या संघाविषयी जे भाकीत करतात, त्याचा विचार प्रस्तुत लेखात अशाच एका उक्तिप्रकाराच्या रूपाने करावयाचा आहे. वाशीमच्या पानटपरीवर, चहाच्या गाडीवर किंवा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर रणजी करंडकाच्या अथवा आयपीएलच्या तोंडावर ते हमखास ऐकू येते. 'यंदा आपणच' हे त्याचे सर्वांत संक्षिप्त रूप. या भाकिताकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक त्याला अज्ञान समजते, दुसरी त्याला निरुपद्रवी करमणूक समजते. दोन्ही रीतींचे गृहीतक मात्र एकच आहे : भाकीत हे ज्ञानविषयक विधान असून ते खरे किंवा खोटे ठरण्यातच त्याचे प्रयोजन संपते. हे गृहीतक तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम विधानाची घडण पाहू. 'यंदा आपणच' या दोन शब्दांत क्रियापद नाही. ते ऐकणाऱ्याने पुरवावयाचे असते. पुरवलेच, तर ते 'जिंकू' असे क्वचितच असते. बहुधा ते 'जिंकणार' असते. मराठीतील हे दोन भविष्यकाळ समानार्थी नाहीत. पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात निश्चय किंवा नियती आहे. याहून पुढची पायरी म्हणजे 'जिंकलो म्हणून समज' हा भूतकाळ. अजून न घडलेली गोष्ट येथे घडून गेल्याच्या रूपात मांडली जाते. वऱ्हाडीत 'यंदा'चा 'औंदा' होतो आणि तृतीयपुरुषी 'येईल', 'होईल' यांची रूपे 'येईन', 'होईन' अशी होतात. प्रमाण मराठीच्या कानाला ती प्रथमपुरुषी वाटतात. बोलीच्या या योगायोगावर सिद्धान्त रचू नये. तरी संघाविषयी बोलणारा स्वतःविषयीच बोलत असतो, या वस्तुस्थितीला तो साजेसा आहे, इतके म्हणता येईल.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे 'आपण' हे सर्वनाम. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळू शकते. 'आपण' त्याला आत ओढून घेते. बोलणाराने आयुष्यात कधी बॅट हाती धरलेली नसली, तरी तो विदर्भाचा संघ असे न म्हणता 'आपण' म्हणतो, आणि समोरच्याने मान डोलावताच तोही त्यात सामील होतो.

तिसरा घटक 'च' हा अवधारणवाचक शब्द. त्याचे कार्य नेमके कळावयास शेजारच्या भाषेतील एक उदाहरण उपयोगी पडते. बंगळुरूच्या आयपीएल संघाचे चाहते वर्षानुवर्षे 'ई साला कप नमदे' अशी घोषणा देत आले. 'यंदाचा चषक आमचाच' हा तिचा अर्थ. कन्नडमधील शेवटचा एकार आपल्या 'च'चे काम करतो. २००८ पासून सतरा हंगाम तो संघ चषकाविना राहिला आणि घोषणा प्रतिस्पर्ध्यांच्या विनोदाचा विषय झाली. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून तो संघ प्रथमच विजेता ठरला, तेव्हा घोषणा बदलून 'नमदू' झाली. एकार गळाला, 'आमचाच'चा 'आमचा' झाला. चषक हाती आल्यावर 'च'ची गरज राहिली नाही. म्हणजे 'च' हा खात्रीचा निदर्शक नसून तो खात्रीच्या अभावाचा भार वाहणारा शब्द आहे. जेथे वस्तुस्थिती साथ देत नाही, तेथे व्याकरण साथ देते.

३

आता ज्ञानविषयक गृहीतकाकडे वळू. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे बत्तीस संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात सतरा सामने खेळतो. वेळापत्रक आधीच जाहीर होत असल्याने चाहता प्रत्येक सामन्यापुढे जय किंवा पराजय लिहून बेरीज करतो. त्याचे भाकीत आकड्याच्या रूपात येते. या संघांचे एकूण सामने २७२, तेव्हा (बरोबरी सोडल्यास) विजयही २७२ आणि पराजयही तितकेच. एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराजय असल्याने सरासरी निम्म्यावरच राहणार. सोळा सामन्यांच्या काळातील चाहत्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या संघांच्या चाहत्यांनी आपापल्या संघाला दिलेल्या विजयांची सरासरी आठच्या बरीच वर गेल्याचे आढळले. या सर्व भाकितांना एकत्र सामावून घेणारे जग अस्तित्वात येऊच शकत नाही.

मानसशास्त्राने याला आशावादी पूर्वग्रह म्हटले आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. समीक्षेला मात्र येथे वेगळा प्रश्न पडतो. परस्परांशी विसंगत असूनही एकमेकांना खोडून न काढणारी विधाने आपल्याला कोठे भेटतात? ती वाङ्मयात भेटतात. दोन कादंबऱ्यांतील दोन नायकांपैकी खरा कोण, असे आपण विचारीत नाही. ॲरिस्टॉटलने उद्याच्या आरमारी लढाईचे उदाहरण घेऊन भविष्यविषयक विधान आज खरे किंवा खोटे म्हणता येते काय, ही शंका उपस्थित केली. आणि काव्यशास्त्रात, काय घडले याऐवजी काय घडू शकेल हे सांगणे कवीचे काम मानले. चाहत्याचे भाकीत या दोन विवेचनांच्या सीमेवर उभे आहे.

या सीमेचे अधिक काटेकोर वर्णन आपल्या साहित्यशास्त्रात सापडते. उत्प्रेक्षेचा प्राण संभावना होय, असे मम्मट मानतो. आणि टीकाकार संभावनेची व्याख्या उत्कटैककोटिक संशय अशी करतात. संशयाला दोन कोटी असतात. त्यांतील एकीकडे मनाचा उत्कट कल झाला, तरी संशय मावळत नाही, अशी ही अवस्था. शिवाय हे ज्ञान आहार्य असते. विरुद्ध वस्तुस्थिती ठाऊक असूनही इच्छेने स्वीकारलेले ज्ञान, असा त्याचा अर्थ. मुखाला चंद्र मानणाऱ्या कवीला ते मुखच आहे, हे पक्के माहीत असते. 'यंदा आपणच' म्हणणाऱ्यालाही गेल्या हंगामाचा गुणतक्ता तोंडपाठ असतो. त्याचे भाकीत अज्ञानातून येत नाही. ते ज्ञानाच्या विरोधात, जाणूनबुजून घेतलेल्या पवित्र्यातून येते. म्हणून ते फसले, तरी तो फसलेला नसतो.

४

येथे एक आक्षेप संभवतो. भाकीत ही काव्यसदृश उक्ती मानली, तर सर्वच भाकितांना आपण तपासणीतून सूट देत नाही काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्याच परिसरात शोधता येते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. अठरा प्रकारची धान्ये, पाण्याची घागर, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, पापड, कुरडई, पानविडा अशी ती मांडणी असते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यात झालेले बदल वाचून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. घटमांडणी ही वाचनाचीच एक पद्धती आहे : चिन्हे आहेत, संकेत आहेत, अधिकृत वाचक आहे. 'साधारण', 'मोघम' अशा तिच्या प्रतवारीत संदिग्धतेलाही नाव आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर टीका केली आहे आणि ती आवश्यक आहे. कारण या भाकितावर कोणी पेरणी केली, तर नुकसान खऱ्या शेताचे होते.

'हंगाम' हा फारसीतून आलेला शब्द वाशीममध्ये प्रथम खरिपाचा आहे, नंतर रणजीचा. दोन्ही हंगामांच्या तोंडावर बोलणारी माणसे बहुधा तीच असतात, आणि दोहोंतील भेद त्यांना समीक्षकाने समजावून द्यावा लागत नाही. घटमांडणीचे भाकीत कुतूहलाने ऐकणारा शेतकरीही सोयाबीनची पिशवी फोडण्याआधी ओल किती खोल गेली, हे पाहतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला त्याला ठाऊक असतो. दुबार पेरणीचा खर्चही ठाऊक असतो. पावसाच्या भाकिताला तो पुरावा मागतो. संघाच्या भाकिताला मागत नाही. भाकिताची सूट सरसकट नाही. जे भाकीत स्वतःचे आहार्यत्व जाणते, त्यालाच ती आहे. जे ज्ञानाचा अधिकार सांगते, त्याने ज्ञानाच्या कसोटीला उतरलेच पाहिजे.

कृषिसंस्कृतीची रूपे चाहत्यांच्या भाषेत कशी उतरतात, याचा मासला 'पहिली मॅच देवाला' या प्रयोगात दिसतो. मुंबईच्या आयपीएल संघाने २०१३ ते २०२५ या सलग तेरा हंगामांत आपला पहिला सामना गमावला. या पराभवाला मराठी चाहत्यांनी नैवेद्याचे रूप दिले. पहिला घास, पहिले कणीस देवाला काढून ठेवण्याच्या रीतीत पराभव बसवताच तो पराभव उरला नाही. तो विजेतेपदाचा पूर्वरंग झाला. या तेरा हंगामांपैकी पाच हंगामांतच हा संघ विजेता झाला. परंतु प्रयोग टिकला, कारण त्याचे काम विजय सांगण्याचे नसून पराभवाला कथनात जागा देण्याचे आहे. हंगामाला आरंभ, मध्य आणि अंत असलेले कथानक मानल्याशिवाय हे शक्य नाही. २०१३, २०१५, २०१७ आणि २०१९ या विजयांवरून विषम वर्ष मुंबईचे, असे सूत्रही रचले गेले होते. २०२० च्या विजयाने ते मोडले, तेव्हा ते मोडल्याचे दुःख कोणालाच झाले नाही.

५

आता या विषयातील खरा प्रश्न. भाकीत करण्याचा अधिकार सर्वांना सारखा असतो काय?

विदर्भ या नावाने हा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी करंडकात खेळतो. माझ्या विद्यार्थिदशेत कट्ट्यावर भारतीय संघाविषयी, सचिनच्या पुढच्या शतकाविषयी पैजा लागत. विदर्भाविषयी भाकीत ऐकल्याचे मला स्मरत नाही. विदर्भ हरेल, असेही कोणी म्हणत नसे. ज्याच्या बाबतीत काही घडू शकते असे वाटतच नाही, त्याच्याविषयी संशयही संभवत नाही आणि संभावनाही संभवत नाही. हे मौन केवळ क्रिकेटपुरते नव्हते. अनुशेष या शब्दातच मोठ्या झालेल्या प्रदेशाला भविष्यकाळापेक्षा भूतकाळातील बाकीची भाषा अधिक सवयीची होती.

२०१७-१८ मध्ये विदर्भ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. कोलकात्यात कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना पाच धावांनी जिंकून तो इंदूरला गेला आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विजेता ठरला. पुढच्या हंगामात सौराष्ट्राला नागपुरात ७८ धावांनी हरवून त्याने करंडक राखला. तेव्हापासून विदर्भाविषयी भाकिते होऊ लागली. सलग तिसऱ्या विजेतेपदाचे भाकीत २०१९-२० मध्ये बाद फेरीपर्यंतही टिकले नाही; पण फसलेले भाकीत हीदेखील मिळकतच होती. मार्च २०२४ मध्ये मुंबईने अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवले. त्या पाच दिवसांत, आयपीएलमध्ये मुंबईला 'आपण' म्हणणाऱ्या वाशीमच्या चाहत्याला आपले सर्वनाम निवडावे लागले. पुढच्या हंगामात विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले आणि केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक मिळवला.

या 'आपण'ला भाबडे समजण्याचे कारण नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या मैदानाबाहेर विजयोत्सवात झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जण मृत्युमुखी पडले. भाकितातील समूह आणि रस्त्यावरील गर्दी यांच्यातील अंतर कोणी तरी सांभाळावे लागते. ते आपोआप सांभाळले जात नाही. दुसरा धोका उलट दिशेचा आहे. मोबाइलवर पैसे लावून दोन्ही संघांतील खेळाडूंची मिळून अकरांची निवड करण्याचा खेळ गेल्या दशकात तरुणांत पसरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानंतर प्रमुख कंपन्यांनी त्या स्पर्धा थांबवल्या. त्यातील आर्थिक हानीची चर्चा झाली. उक्तीच्या हानीची झाली नाही. तेथे भाकीत करणाऱ्याला आपला गोलंदाज आणि समोरचा फलंदाज दोघेही यशस्वी व्हावयास हवे असतात. 'आपण' जाऊन 'मी' येतो, संभावना जाऊन हिशेब येतो, आणि भाकीत पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने फसू शकते.

राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. आम्ही वाशीमकर ही गोष्ट अभिमानाने सांगतो, ती भूतकाळातील वैभव म्हणून. परंतु साहित्याची विद्या येथे आजही कोठे नांदते, असे विचारले, तर ग्रंथालयाबरोबरच पानटपरीकडेही बोट दाखवावे लागेल. तेथे ऑक्टोबरच्या सुमारास, सोयाबीन घरात येत असताना, कोणी तरी औंदाच्या संघाविषयी बोलू लागतो. ऐकणारे हसतात, वाद घालतात, गेल्या वर्षीची आठवण काढतात आणि हंगाम संपल्यावर, भाकीत फसले असले तरी, त्याच जागी पुन्हा जमतात. भाकिताची कसोटी निकालाच्या तक्त्यात लागत नाही. पराभवानंतरही 'आपण' हे सर्वनाम बोलणाऱ्याच्या तोंडी टिकते काय, येथे ती लागते. ते टिकत असेल, तर भाकीत खरे होते.