इब्री गुलाम होते. अस्पृश्य होते काय?

मिसर देशातील इब्री लोकांच्या दास्याची कथा आपल्या चळवळीला परकी नाही. मोझेसच्या कार्याचे महत्त्व बाबासाहेबांनी आपल्या लेखनातून सांगितले. त्याआधी १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. दूरच्या देशातील गुलामाशी स्वतःचे नाते ओळखण्याची ही परंपरा आपली आहे आणि तिचा अभिमान धरावा अशीच ती आहे. परंतु नाते सांगणे वेगळे आणि दोन्ही स्थिती एकच आहेत असे मानणे वेगळे. 'फारोच्या राज्यातले इब्री म्हणजे त्या काळचे अस्पृश्य' असे विधान आपल्या व्यासपीठांवरून सहज केले जाते. ते तपासण्यासाठी मूळ कथाच नीट वाचली पाहिजे.

या विधानाला मोठा आधार वाटतो तो 'उत्पत्ती'च्या त्रेचाळिसाव्या अध्यायाचा. दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना योसेफ जेवायला बसवतो. तो मिसरचा सर्वाधिकारी झालेला आहे आणि भावांनी त्याला ओळखलेले नाही. त्याचे ताट वेगळे, भावांची ताटे वेगळी आणि त्याच्या घरी जेवणाऱ्या मिसरी लोकांची ताटे आणखी वेगळी मांडली जातात. कारणही कथाकार देतो. इब्रींबरोबर अन्न खाणे मिसरींना किळसवाणे वाटे. मूळ इब्री शब्द 'तोएवा'. तो मराठीत 'विटाळ' असा घेण्याचा मोह आपल्या वाचकाला होणारच. पंगतीतून उठवले गेलेल्यांच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पण पंगती दोन नाहीत, तीन आहेत. योसेफ मिसरी लोकांबरोबर बसत नाही आणि भावांबरोबरही बसत नाही. तो वेगळा बसतो तो अधिकारामुळे की जन्मामुळे? कथाकार हे मोघम ठेवतो, आणि माझ्या मते हेच त्याचे कसब आहे. आणखी एक गोष्ट. याच योसेफाला फारोने ओन नगरीच्या पुरोहिताची मुलगी, आसनथ, बायको म्हणून दिलेली आहे. रोटीबंदी आहे, बेटीबंदी मात्र नाही, आणि तीही पुरोहिताच्या घरी! आपल्याकडे या दोन बंदी एकाच दोरीचे दोन पदर आहेत. जिथे पुरोहित आपली मुलगी परक्या, तुरुंगातून सुटलेल्या गुलामाला देतो, तिथली किळस ही जन्मजात अपवित्रतेच्या सिद्धान्तावर उभी आहे असे म्हणता येत नाही. परका माणूस राजाच्या मर्जीने आपला करून घेता येतो, असा तो समाज दिसतो.

पुढे सेहेचाळिसाव्या अध्यायात मेंढपाळ मात्र मिसरींना किळसवाणे वाटतात असे योसेफ सांगतो. पण कोणत्या कामासाठी सांगतो ते पाहावे. भावांनी फारोसमोर आपला धंदा गुरे पाळण्याचा आहे असे सांगावे, म्हणजे गोशेनचा कुरणांचा प्रदेश त्यांना मिळेल, अशी ती शिकवणी आहे. किळशीचाच उपयोग करून चांगली जमीन मिळवली जाते. शिवाय सत्तेचाळिसाव्या अध्यायात फारो आपल्या स्वतःच्या गुरांवर या भावांपैकी कर्तबगार माणसे नेमायला सांगतो, आणि दुष्काळात मिसरी शेतकरी धान्यासाठी आपली शेरडेमेंढरे घेऊन येतात. मिसरींच्या घरीही मेंढरे होतीच की! तेव्हा धंदा अपवित्र म्हणून माणूस अपवित्र, ही साखळी येथे पुरी जुळत नाही.

ती साखळी प्राचीन मिसरमध्ये मुळीच नव्हती असे मात्र नाही. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मिसर देशात फिरला. तो सांगतो की, मिसरी माणूस ग्रीकाचे चुंबन घेत नाही, त्याची सुरी, त्याची सळई, त्याचे भांडे वापरत नाही, कारण ग्रीक गाय खातात. हा परक्यांविषयीचा आचार झाला. पण त्याच ग्रंथात डुकरे पाळणाऱ्यांविषयी जे लिहिले आहे, तिथे आपण थबकलेच पाहिजे. डुकराचा स्पर्श झाला तर मिसरी माणूस कपड्यांसकट नदीत उतरतो. डुकरे पाळणारे लोक जन्माने मिसरीच, तरी साऱ्या देशात त्यांनाच तेवढा देवळात प्रवेश नाही. त्यांना कोणी मुलगी देत नाही, त्यांची मुलगी कोणी करीत नाही. ते आपसांतच लग्ने करतात. स्पर्श, मंदिरबंदी आणि बेटीबंदी या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत. मिसरमध्ये आपला भाऊबंद शोधायचा असेल तर तो इब्री नव्हे, हा डुकरे पाळणारा आहे.

त्याची कथा कोणी लिहिली नाही. त्याचा मोझेस नाही, त्याचा 'निर्गम' नाही. इब्री परका होता म्हणून त्याला जायला दुसरी भूमी होती, निदान तिचे स्वप्न होते. हा माणूस त्याच मातीतला. तो कुठे जाणार? दास्याविरुद्धचे जे महान साहित्य जगाला मिळाले ते बाहेरून आलेल्यांनी लिहिले आहे. आतल्या बहिष्कृताचे साहित्य तिथे निर्माणच झाले नाही. मिसरच्या वाङ्मयाचे गोडवे गाणाऱ्या पंडितांना हा प्रश्न सुचत नाही, यात नवल नाही.

आता 'इब्री' या नावाकडे वळू. योसेफावर खोटा आळ घेताना पोटीफराची बायको त्याला इब्री गुलाम म्हणते. फारोचा प्यालेबरदार त्याची ओळख इब्री पोरगा, गुलाम अशीच करून देतो. इस्राएलाचे वंशज आपसांत बोलताना हे नाव फारसे वापरत नाहीत. ते येते परक्याच्या तोंडी, किंवा परक्यासमोर ओळख देताना. वरच्याने खालच्याला दिलेली ही ओळख आहे. १८८७ मध्ये अमर्ना येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील पत्रांत (इ. स. पू. चौदावे शतक) 'हाबिरू' नावाचे लोक वारंवार येतात. मुळापासून तुटलेले, भाडोत्री सैनिक, लुटारू, कोणाच्याही आश्रयाला राहणारे असे ते लोक. ती एक वंशजात नव्हती, तो एक सामाजिक थर होता. मिसरी लेखांत हेच 'अपिरू' होतात. लायडनच्या एका पपायरसात आदेश आहे की, रामसेस दुसऱ्याच्या बांधकामासाठी दगड ओढणाऱ्या अपिरूंना धान्य द्यावे. 'इब्री' आणि 'अपिरू' हे शब्द एकच की नाहीत यावर विद्वानांत वाद आहे. वाद राहू द्या. दगड ओढणारा मात्र कागदावर आहे.

मिसरी कागदपत्रे आणखीही काही सांगतात. इ. स. पू. अठराव्या शतकातील, ब्रुकलिन येथे ठेवलेल्या एका पपायरसात एका घरच्या सुमारे पंचाण्णव नोकरांची यादी आहे. त्यांतील निम्म्याच्या आसपास पश्चिम आशियातून आलेले. त्यांत विणकाम करणाऱ्या बाया पुष्कळ. 'निर्गम'मधील शिप्रा या सुईणीच्या नावाशी जुळणारे एक नावही त्या यादीत आहे. गुलामांना मिसरी नावे दिली जात. म्हणजे व्यवस्था त्यांना स्वतःत विरघळवून घेत होती. याउलट अपेर-एल हा सेमिटिक नावाचा माणूस अठराव्या राजवंशाच्या काळात थेट वजीर झाला. त्याची कबर सक्कारा येथे सापडली. परक्याला विटांच्या खाणीपासून वजिराच्या गादीपर्यंत कुठेही जागा असू शकत होती. रोमन गुलामांचे उदाहरण घेऊन बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला जो फरक मांडला, तो मिसरलाही लागू पडतो.

यामुळे विटांच्या भट्टीतले हाल कमी ठरत नाहीत. 'निर्गम'चा पाचवा अध्याय मला या संपूर्ण कथेचा गाभा वाटतो. समुद्र दुभंगण्याच्या चमत्कारापेक्षा कितीतरी अधिक. फारो हुकूम काढतो की, यापुढे गवताचा भुसा सरकार देणार नाही, मजुरांनी स्वतः गोळा करावा. विटांचा आकडा मात्र तोच राहील. आकडा भरला नाही की मार खातात ते इब्रींमधूनच नेमलेले मुकादम. ते फारोकडे दाद मागतात. फारो म्हणतो, तुम्ही आळशी आहात. मग हे मुकादम चिडतात कोणावर? फारोवर नाही, मोशेवर! तुझ्यामुळे आमचे नाव धन्याच्या नाकाला झोंबू लागले, असा त्यांचा आरोप आहे. संपाच्या दिवसांत कामगार वस्तीत राहिलेल्या कार्यकर्त्याला हे मुकादम ओळखीचे वाटतील. रामसेस दुसऱ्याच्या पाचव्या वर्षाची एक चामडी गुंडाळी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यात चाळीस देखरेख करणाऱ्यांच्या नावापुढे प्रत्येकी दोन हजार विटांचे उद्दिष्ट आणि कमी पडलेले आकडे लिहिलेले आहेत. ही कथा प्रसंगांनंतर शतकांनी लिहिली गेली, आणि निर्गमाला मिसरी लेखांत दुजोरा नाही. तरी मुकादम आणि आकडा यांचे चित्र कल्पनेतून आलेले नाही.

अपवित्रतेचा आरोप इब्रींना चिकटतो तो फार नंतर. मानेथो या मिसरी पुरोहिताने इ. स. पू. तिसऱ्या शतकात आपल्या देशाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. त्यातील कथा योसेफस या यहुदी इतिहासकाराने खंडनासाठी उतरवून घेतली म्हणून आपल्याला कळते. मिसरच्या राजाने कुष्ठरोगी आणि अपवित्र लोक गोळा करून नाईलच्या पूर्वेकडील दगडखाणींत कामाला लावले. ओसारसेफ नावाचा पुरोहित त्यांचा पुढारी झाला आणि पुढे त्याने मोझेस नाव घेतले, अशी ती कथा. मूळ कथेत गुलाम निघून गेला. पुरोहिताच्या कथेत घाण बाहेर टाकली गेली. गुलाम हातचा सुटल्यावर त्याला जन्माने मळलेला ठरवायचे, हे पुरोहिती लेखणीचे काम इथे उघड दिसते.

आणि सुटलेल्यांनी काय केले? योसेफ स्वतः दुष्काळात मिसरी शेतकऱ्यांची गुरे, मग जमिनी, मग त्यांची शरीरे फारोच्या मालकीची करून टाकतो आणि पाचवा हिस्सा कर बसवतो. पुरोहितांच्या जमिनींना मात्र हात लावत नाही. 'लेवीय'चा पंचविसावा अध्याय इस्राएली भावाला कायमचा गुलाम करू नये असे बजावतो, पण भोवतालच्या राष्ट्रांतून घेतलेले दास पिढ्यान्‌पिढ्या वारशाने ठेवायला मोकळीक देतो. दुसरीकडे 'अनुवाद'मध्ये मिसरी माणसाची किळस करू नका, तुम्ही त्याच्या देशात परके होता, असे सांगितले आहे. दोन्ही स्वर एकाच ग्रंथात आहेत. जो स्वर सोयीचा तेवढाच घेऊन भाषणे करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

ही कथा मराठीतही शतकाहून अधिक काळ वाचली जाते. कोकणातले बेने इस्राएल, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', वल्हांडणाच्या रात्री मिसरच्या दास्याची आठवण करतात. त्यांच्यासाठी १८७४ मध्ये पुण्यात मराठीतून हग्गादा छापला गेला. त्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताना दिसतात. याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. बाहेरच्या बाईच्या पोटी जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत आणि त्यांच्या पंगतीला बसत नसत. मिसरच्या फारोने इब्रींना हे शिकवले नव्हते. ते त्यांनी कोकणात, शेजाऱ्यांकडून घेतले.