कर्मिट कोणाच्या मालकीचा आणि कोणाच्या हातात?

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहेच, मी स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूवर पीएचडी करते. घसा धरतो, ताप चढतो, डॉक्टर अँटिबायोटिक देतात, त्यामागे कधीकधी हाच असतो. बहुतेकदा प्रकरण तिथेच मिटतं. पण क्वचित तो फुफ्फुसात आणि रक्तात उतरतो, आणि मग सगळा हिशोब तासांवर येतो. या विषयावर वाचायला लागलं की एक नाव हमखास समोर येतं, जिम हेन्सन. १५ मे १९९० च्या पहाटे न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाला आणि १६ मे उजाडायच्या आत गेला. वय ५३. पेनिसिलीनला आजही मुकाट्याने दाद देणाऱ्या जिवाणूने नेलेला माणूस.

तर हा हेन्सन म्हणजे 'मपेट्स'चा बाप. कर्मिट हा हिरवा बेडूक, मिस पिगी, फॉझी अस्वल, गॉन्झो ही सगळी मंडळी. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी त्यांना मीम्समध्येच पाहिलंय. आपल्याकडे २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' आलं, त्यातली चमकी आणि बूंबा ही त्यांची चुलत भावंडं. चुलत यासाठी म्हटलं, की 'सेसमी स्ट्रीट'च्या बाहुल्या हेन्सननेच घडवल्या असल्या तरी त्यांची मालकी वेगळी आहे. का वेगळी, ते पुढे येईल.

थीसिसचं काम बाजूला ठेवून मी गेले काही महिने मपेट्सच्या चाहत्यांची एक जुनी चिंता वाचत बसले होते (गाइडना सांगू नका). चिंता साधी आहे. आपली लाडकी बाहुली एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे विकली गेली, तर ती 'तीच' राहते का?

आधी विक्रीचा इतिहास पटकन सांगते. ऑगस्ट १९८९ मध्ये हेन्सनने स्वतःच डिस्नीला कंपनी विकायचं जाहीर केलं. कारभाराच्या कटकटीतून सुटून त्याला नुसतं काम करायचं होतं. मात्र 'सेसमी स्ट्रीट'ची पात्रं या सौद्यात येणार नाहीत, यावर तो अडून बसला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चाहत्यांना वाटते ती भीती मूळ निर्मात्यालाही थोडीफार वाटत होती, असा तिचा अर्थ होतो. तो गेला आणि डिसेंबर १९९० मध्ये सौदा फिसकटला. पुढच्या वर्षी हेन्सनची कंपनी आणि डिस्नी कोर्टात समोरासमोर आले, मग तडजोड झाली. २००० मध्ये ईएम टीव्ही या जर्मन कंपनीने ६८ कोटी डॉलर मोजून सगळं विकत घेतलं. लवकरच ती कंपनी गाळात गेली आणि २००३ मध्ये हेन्सन कुटुंबाने कंपनी परत घेतली. २००४ मध्ये मपेट्स अखेर डिस्नीकडे गेले. 'फ्रॅगल रॉक' मात्र हेन्सन कंपनीकडेच राहिलं. म्हणजे एकाच माणसाच्या हातून निघालेलं कुटुंब तीन घरांत वाटलं गेलं.

२००४ च्या आसपास चाहत्यांना नेमकी कशाची भीती होती? डिस्नी यांना गोडगोड करील, धार जाईल, कर्मिट म्हणजे टी-शर्टावरचा मिकी होईल. आणि कंपनीचा नोकर म्हणून कोणीही हात घालील आणि कोणीही आवाज काढील. ही शेवटची भीती सगळ्यात खोल होती.

ती समजून घ्यायला कर्मिटच्या आत डोकवावं लागतं. १९५५ मध्ये हेन्सनने पहिला कर्मिट आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवला, डोळ्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. तेव्हा तो बेडूकही नव्हता, सरड्यासारखं काहीतरी होतं. त्याच्या डोक्यात जवळपास काही नाही, नुसतं मऊ कापड. त्यामुळे चेहऱ्यावर जे दिसतं ते आतल्या बोटांचं असतं. बोटं जराशी आवळली की कर्मिट ओशाळतो. खेळवणारा हात डोक्यावर धरून कॅमेऱ्याच्या चौकटीखाली उभा असतो आणि कॅमेऱ्याला काय दिसतंय ते समोरच्या मॉनिटरवर बघत असतो. असं पात्र करारनाम्यावर लिहून देता येत नाही. कापडाची घडी घालून पेटीत ठेवता येते, बोटांच्या सवयीची नाही.

आता माझ्या फ्रीझरकडे येते, कारण मला हा वाद कळला तो तिथून. आमचा जिवाणू उणे ८० अंशांत कुपीत झोपलेला असतो. बाहेर काढून प्लेटवर वाढवायचा, तिथून दुसऱ्या प्लेटवर, तिथून तिसऱ्या. याला आम्ही सबकल्चर म्हणतो. प्लेटवर त्याला खाणंपिणं आयतं मिळतं आणि शत्रू कोणी नसतो. या जिवाणूच्या अंगावर एम प्रोटीन असतं, ते त्याला आपल्या पांढऱ्या पेशींपासून वाचवतं. प्लेटवर पांढऱ्या पेशीच नाहीत, मग त्याची गरज काय? पिढ्यांमागून पिढ्या असंच चालू ठेवलं की एम प्रोटीन कमी होत जातं. कुपीवरचं लेबल तेच, आतला प्राणी मवाळ. रेबेका लान्सफील्ड या बाईंनी या जिवाणूंची वर्गवारी बसवली. त्यांच्या काळापासूनचा उपाय म्हणजे त्याला पुन्हा उंदरातून किंवा माणसाच्या रक्तातून न्यायचं. जिथे जगायला झगडावं लागतं तिथे ठेवलं की झगडणारे उरतात. आमच्याकडेही एकदा एक स्ट्रेन अपेक्षेसारखा वागेना, तेव्हा फ्रीझर कोणाचा हे कोणी विचारलं नाही. किती वेळा आणि कशावर वाढवलाय, हेच विचारलं.

चाहते 'मालक कोण' विचारत राहिले. माझ्या मते प्रश्न होता, बाहुली किती वेळा बाहेर निघते आणि कशातून जाते?

'द मपेट शो' १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये एल्स्ट्रीच्या स्टुडिओत झाला. पाच मोसम, १२० भाग. तीच मंडळी, तोच हॉल, दर भागाला नवा पाहुणा. विनोद पडला तर पुढच्या भागात सुधारायचा. हे झालं रक्तातून नेणं. आता २००४ नंतरचं बघा. पूर्ण लांबीच्या मालिका तीन : २०१५ ची १६ भागांची, २०२० ची सहा भागांची, २०२३ ची दहा भागांची. वीस वर्षांत ३२ भाग. अधूनमधून विशेष कार्यक्रम, आणि थिएटरात दोन चित्रपट. प्रत्येक मालिका एका मोसमात बंद, आणि प्रत्येक वेळी 'नव्याने सुरुवात'. चाहत्यांना धास्ती होती की डिस्नी बाहुल्यांना राबवून राबवून स्वस्त करील. झालं उलटंच, त्या बहुतेक काळ फ्रीझरमध्ये पडून राहिल्या.

म्हणून २०११ चा 'द मपेट्स' मला दुसऱ्यांदा बघताना जरा कडवट लागला. गोष्ट अशी : टेक्स रिचमन नावाचा तेलसम्राट मपेट्सचं जुनं थिएटर घ्यायला टपलाय, खाली तेल आहे म्हणून. जुन्या करारानुसार एक कोटी डॉलर जमले नाहीत तर थिएटरच काय, 'मपेट्स' हे नावसुद्धा त्याचं होणार. त्याच्याकडे बदली खेळाडूही तयार आहेत, 'मूपेट्स' नावाची नकली, उर्मट टोळी. म्हणजे चाहत्यांना ज्याची ज्याची भीती होती ते सगळं पडद्यावर, आणि निर्माता कोण, तर डिस्नी! लिहिणाऱ्यांना या बाहुल्यांबद्दल खरी माया आहे, ते जागोजागी दिसतं. गाण्याला ऑस्करही मिळालं. पण चित्रपटाचा मोठा भाग 'आम्ही कोण होतो' हे आठवण्यात जातो. वॉल्टर हा नवा बाहुलाही मुळात चाहताच. आणि खलनायक इतका उघड दुष्ट केलाय की खरा प्रश्न अलगद सुटून जातो. वाईट मालकाला ओळखणं सोपं असतं. ज्याला वस्तू आवडते पण तिचं करायचं काय ते सुचत नाही, त्या मालकाचं काय? असा मालक चित्रपटात कुठेच नाही.

माझ्याच म्हणण्यात एक भोक आहे, तेही सांगते. १९९० पासून कर्मिट खेळवला स्टीव्ह व्हिटमायरने. २०१५ च्या मालिकेत हात त्याचाच होता, अनुभवी, मुरलेला. तरीही तो कर्मिट अनेकांना परका वाटला, मलाही. पिगीच्या टीव्ही कार्यक्रमाचा त्रासलेला निर्माता, ऑफिसातली कुरकुर, कॅमेऱ्याकडे बघून टोमणे. बोटं बरोबर होती, वाक्यं चुकीची होती. म्हणजे नुसत्या हातानेही भागत नाही. लिहिणारे आणि खेळवणारे वर्षानुवर्षं एका खोलीत असावे लागतात.

पुढे व्हिटमायरला काढल्याचं २०१७ मध्ये बाहेर आलं. कंपनी म्हणाली त्याचं वागणं बरोबर नव्हतं, तो म्हणाला मी पात्राच्या बाजूने बोलत होतो. खरंखोटं मी ठरवू शकत नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट उघड झाली, हाताची बदली आता मालक करू शकतो. पहिली बदली मृत्यूने केली होती, ही दुसरी कंपनीने. आपल्याकडे अर्धवटराव य. के. पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे आले तेव्हा मालकी आणि हात एकाच घरात होते, म्हणून हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मॅट व्होगेलचा कर्मिट सुरुवातीला मला कोरडा वाटला. आता तितका वाटत नाही. त्याला हवे आहेत ते भाग, पुष्कळ भाग, त्यातले काही पडलेलेही चालतील.

आणि डिस्नीला सरसकट झोडपणाऱ्यांसाठी एक आठवण : चाहत्यांचा अत्यंत लाडका 'मपेट ख्रिसमस कॅरल' १९९२ मध्ये डिस्नीनेच प्रदर्शित केला होता, मालकी नसताना.

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या पार्कात 'मपेटव्हिजन थ्रीडी' नावाचा खेळ होता, हेन्सनच्या अगदी शेवटच्या कामांपैकी. तो सुरू झाला १६ मे १९९१ ला, त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, आणि जून २०२५ मध्ये बंद झाला. त्या जागी 'मॉन्स्टर्स इंक'चं गाव वसवायचं ठरलंय. शेवटच्या दिवसांत लोक तिथे रांगा लावून रडले, आणि मला ते अजिबात वेडेपणाचं वाटलं नाही. त्या चित्रफितीत हेन्सनचा स्वतःचा हात होता. ती कुपी मात्र आता कोणत्याच प्लेटवर वाढणारी नाही.

कुठून बघायला सुरुवात करावी असं विचाराल, तर २०११ च्या चित्रपटापासून नको. आधी 'द मपेट शो'चे कुठलेही चार भाग बघा, मग तिकडे वळा. एम प्रोटीनचे जे आलेख मागच्या वेळी कबूल केले होते, ते पुढच्या पोस्टमध्ये नक्की.