ब्राउनिंगचं पत्र आणि 'कळलं नाही' म्हणणारा वाचक

मागच्या आठवड्यात माझ्या पेपरच्या मसुद्यावर शेरा आला: 'नीट कळत नाही.' माझी पहिली प्रतिक्रिया काय, तर वाचणाऱ्याला विषयच येत नाही! त्याच रात्री रॉबर्ट ब्राउनिंग या व्हिक्टोरियन कवीचं एक पत्र वाचत होते. साहेबांनीही जवळपास हेच लिहून ठेवलंय, फक्त माझ्यापेक्षा सभ्यपणे.

पत्र २७ नोव्हेंबर १८६८ चं, किंग्सलंड नावाच्या वाचकाला लिहिलेलं. त्यात तो कबूल करतो की ज्यांच्यापर्यंत पोचायला आवडलं असतं अशा पुष्कळांना आपलं लिखाण फार अवघड गेलं. पण मुद्दाम कोणाला कोड्यात टाकलं नाही, असंही बजावतो. मग पुढे म्हणतो, रिकामटेकड्या माणसाला सिगारऐवजी किंवा डॉमिनोच्या डावाऐवजी माझं पुस्तक चालेल, असा दावा मी कधी केला नव्हता. गर्दी लाभली नाही, पण जे थोडे लाभले ते जास्त मोलाचे.

सिगारची कोटी झकास आहे. पण ती पळवाट आहे. कारण तिच्यात वाचक दोनच प्रकारचे उरतात, आळशी आणि मोजके रसिक. मन लावून वाचूनही अडकणारा कुठे गेला? त्याचं 'सॉर्डेलो' १८४० मध्ये आलं, तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. जेन कार्लाइल यांनी ते अख्खं वाचलं आणि सॉर्डेलो हा माणूस, शहर की पुस्तक, हे काही त्यांना उमगलं नाही म्हणे. या बाई काही रिकामटेकड्या नव्हत्या. त्या काळातल्या तल्लख पत्रलेखिका होत्या.

गंमत म्हणजे ब्राउनिंगलाही हे जाणवलं असावं. १८६३ च्या आवृत्तीत त्याने 'सॉर्डेलो'च्या पानांवर वरच्या बाजूला छोटी शीर्षकं टाकली, गोष्ट कुठवर आली ते कळावं म्हणून. मला पत्रापेक्षा ही दुरुस्ती जास्त बोलकी वाटते.

आता त्याची बाजू. हे पत्र लिहिलं त्याच महिन्यात 'द रिंग अँड द बुक'चा पहिला खंड निघाला होता. एकूण १२ भाग, २१,००० च्या वर ओळी. विषय १६९८ मधला रोममधला खुनाचा खटला. गिडो आपल्या बायकोला, पॉम्पिलियाला, आणि तिला वाढवणाऱ्या आईवडिलांना मारतो. कोणी कोणाला मारलं हे ब्राउनिंग पहिल्याच भागात सांगून मोकळा होतो! लपवाछपवी नाहीच. मग तीच हकिगत अर्धं रोम सांगतं, उरलेलं अर्धं सांगतं, स्वतः गिडो सांगतो, शेवटच्या घटका मोजणारी पॉम्पिलिया सांगते, शिवाय वकील आणि पोप. डोकं शिणतं ते वाक्य लागत नाही म्हणून कमी, विश्वास कोणावर ठेवायचा म्हणून जास्त. हा अवघडपणा काढून टाकला तर काव्यच उरणार नाही.

आमच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर 'सॉर्डेलो'त नॉइज उपकरणाचा आहे, इथे नमुनाच गुंतागुंतीचा आहे. पत्रात त्याने दोन्हींना एकच बचाव लावला, ही माझी तक्रार.

माझ्या मसुद्याचं म्हणाल तर, दुसऱ्या पानावर वापरलेल्या एका चिन्हाचा अर्थ मी नवव्या पानावर दिला होता. काल तो दुसऱ्या पानावर हलवला. चौथ्या आकृतीला मात्र हात लावलेला नाही. ती अवघडच राहणार, तिला इलाज नाही.